माणिक, किरण, गुलाब : मुलामुलींच्या सामाईक नावांचा वऱ्हाडी वारसा

मुलगा आणि मुलगी या दोघांनाही सारखेच शोभेल आणि तरीही सहसा कोणाचे नसेल असे नाव बाळासाठी हवे, ही इच्छा नव्या काळाची आणि शहरी वळणाची समजली जाते. परंतु अमरावती आणि अकोला या वऱ्हाडी जिल्ह्यांतील जुन्या नावांची घडण पाहिली, तर हा समज टिकत नाही. गुलाबराव आणि गुलाबबाई, माणिकराव आणि माणिकबाई, मोतीराम आणि मोतीबाई, गंगाराम आणि गंगाबाई या जोड्यांत नावाचा मूळ शब्द सामाईक आहे, आणि तो धारण करणारी व्यक्ती पुरुष की स्त्री हे सांगण्याचे काम ‘राव’, ‘राम’ किंवा ‘बाई’ या जोडशब्दाकडे सोपवलेले आहे. शाळेच्या हजेरीपटावर सुटसुटीत नावे आली आणि हे जोडशब्द गळू लागले, तेव्हा लिंग दाखवण्याची जबाबदारी नावाच्या शेवटच्या स्वरावर येऊन पडली. त्यामुळे आजचे पालक सामाईक नाव शोधतात तेव्हा ते परंपरेतीलच एक जुने दालन पुन्हा उघडतात, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

वेगळ्या नावाचेही वऱ्हाडाला कधी वावडे नव्हते. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेल्या पंजाबराव देशमुखांच्या नावात एका दूरच्या प्रांताचे नाव आहे, आणि ते आज अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या नावात इतके रुळले आहे की त्यातील वेगळेपण कोणाला जाणवतही नाही. गुलाबराव महाराजांचे उदाहरण याहून खोल आहे. लोणी टाकळी येथे १८८१ मध्ये जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गमावलेले आणि माधान येथे राहिलेले हे संत स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत आणि कृष्णाच्या पत्नीच्या भावाने सौभाग्यचिन्हे धारण करीत. त्यांच्या नावातील ‘गुलाब’ हा फारसीतून आलेला शब्द मुलाला आणि मुलीला सारखाच देता येणारा होता, हा योगायोग असला तरी मोठा सुंदर आहे.

धर्मशास्त्राचा कल मात्र सामाईक नावाकडे नव्हता. गृह्यसूत्रे, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणारे प्राचीन ग्रंथ, यांपैकी पारस्कराच्या सूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे, म्हणजे सम, आणि मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे असे सांगितले आहे, तर मनुस्मृतीनेही स्त्रीचे नाव दीर्घ स्वराने संपावे अशी अपेक्षा ठेवली आहे. पत्रिकेवरून निघणारे आद्याक्षर मात्र असा भेद करीत नाही, कारण सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना, अर्थात एकूण १०८ चरणांना, नेमून दिलेली अक्षरे मुलामुलींसाठी एकच आहेत.

मग मराठीत टिकून राहिलेली सामाईक नावे आली कोठून? त्यांतील बरीचशी नपुंसकलिंगी नामांतून आली आहेत, आणि हा मुद्दा नाव शोधणाऱ्याने मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे. ते माणिक, ते सुमन, ते कमळ, ते कांचन, ते मृणाल (म्हणजे कमळाचा देठ) या शब्दांना व्याकरणाने ‘तो’ किंवा ‘ती’ यांपैकी कोणाकडेच बांधलेले नाही. यवली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या ज्या माणिकला त्याचे गुरू आडकोजी महाराज यांच्यामुळे तुकड्या हे नाव मिळाले, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. पुण्यात १९२६ मध्ये जन्मलेल्या गायिका माणिक वर्मा. आणि ‘ग्रेस’ या नावाने लिहिणारे नागपूरचे कवी माणिक गोडघाटे : भजन, गायन आणि कविता अशा तीन क्षेत्रांत एकच नाव निःसंकोच वावरले आहे. त्याच्या जोडीला अकारान्त, म्हणजे उच्चारात व्यंजनावर थांबणारी, काही पुल्लिंगी नामेही सामाईक झाली. कवयित्री शिरीष पै आणि लेखक शिरीष कणेकर, अभिनेत्री सुहास जोशी आणि कादंबरीकार सुहास शिरवळकर या जोड्या त्याची साक्ष देतात.

सामाईक नावामुळे गोंधळ होईल, ही शंका मराठीत बरीचशी निराधार आहे. ‘किरण आला’ आणि ‘किरण आली’, आदरार्थी बोलायचे झाल्यास ‘किरण आले’ आणि ‘किरण आल्या’ असा भेद क्रियापदच करीत असल्याने नाव गप्प राहिले तरी वाक्य बोलते. बंगालीत क्रियापदाला लिंगभेद नाही, त्यामुळे तेथे ही सोय नाही. अडचण येते ती क्रियापद नसलेल्या जागी, म्हणजे यादीत, अर्जात, निकालपत्रात. आणि तेथेही चि., कु., श्री., सौ. ही संक्षिप्त बिरुदे पूर्वापार तेच काम करीत आली आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला असला, तरी त्यातूनही मूल मुलगा की मुलगी हे उलगडत नाही, आणि उलगडण्याची गरजही नाही, कारण जन्मनोंदीत लिंगाचा रकाना स्वतंत्र असतो.

जर्मनीत नेमका हाच प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, आणि तोही भारतीयांच्या परिचयाच्या एका नावावरून. मुलीचे नाव केवळ ‘किरण’ ठेवण्यास नोंदणी कार्यालयाने नकार दिला, कारण त्यावरून लिंग कळत नाही आणि म्हणून लिंग दर्शवणारे दुसरे नाव जोडावे असा तेथील प्रघात होता. परंतु ५ डिसेंबर २००८ च्या निर्णयात तेथील संघीय संविधान न्यायालयाने पालकांची बाजू मान्य केली आणि मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर नाव निवडण्याच्या पालकांच्या अधिकाराला असे बंधन घालता येणार नाही असे ठरवले.

खरी चिंता दुसरीच आहे. सामाईक नाव मुलींना मोठ्या संख्येने दिले जाऊ लागले की मुलासाठी ते टाळले जाते. कमल हे नाव उत्तरेत पुरुषाचे राहिले, महाराष्ट्रात मात्र ते एका पिढीतील स्त्रियांचे झाले. इंग्रजीतही बेव्हर्ली आणि एव्हलिन ही एकेकाळची पुरुषांची नावे याच वाटेने गेली. मुलीचे नाव मुलाला दिल्याने त्याला उणेपणा येतो ही भावना त्यामागे आहे, आणि तिला खतपाणी घालण्याचे काही कारण नाही.

निवड करताना अंबर, केशर, नक्षत्र, बहर असे कमी वापरलेले अकारान्त शब्द पाहता येतील. मात्र वऱ्हाडी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ होतो, पाणी ‘पानी’ होते आणि डोळा ‘डोया’, हे आधीच जाणून घ्यावे, कारण किरण घरी ‘किरन’च होणार आहे. लाडाने किंवा रागाने हाक मारताना तर बोली स्वतःच लिंग जोडून देते. माणिक मुलगा असेल तर ‘मानक्या’ होतो आणि मुलगी असेल तर ‘मानकी’. बाराव्या दिवशी, बारशाला आत्याने कानात सांगितलेले नावच कायमचे नोंदवले पाहिजे असेही नाही. नावाशिवाय झालेल्या जन्मनोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येते, त्यामुळे ते आजीच्या तोंडी कसे बसते, शेजारी त्याची काय हाक करतात आणि अंगणातून मारलेल्या हाकेला बाळ मान वळवते का, हे सारे पाहायला पुरेसा वेळ हाती असतो.