शकुंतलेचा जमाखर्च

खामगाव-जालना रेल्वेची मागणी आपल्या जिल्ह्यात कित्येक पिढ्यांपासून चालू आहे. जिल्ह्याचे ठिकाण असूनही बुलढाण्याला रेल्वे नाही. त्यामुळे ‘खासगी कंपनीला द्या, गाडी लवकर येईल’ असे कोणी म्हटले की ऐकायला बरे वाटते. पण हा प्रयोग आपल्या वऱ्हाडात शंभर वर्षांपूर्वीच झाला आहे. त्याचा जमाखर्च आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची अडीच फुटी लाईन म्हणजेच आपली ‘शकुंतला’. मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रजी पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाईन. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणून मुंबईकडे पाठवायचा, हा तिचा हेतू.

जमेची बाजू नाकारता येत नाही. गरिबाला स्वस्त तिकिटात बाजार, दवाखाना, शाळा गाठता आली.

आता खर्चाची बाजू पाहू. १९५१ साली मध्य रेल्वे झाली, तरी ही लाईन कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी चालवायची रेल्वेने, रूळ कंपनीचे! दुरुस्तीला पैसा कोणी घालायचा? मालक म्हणे, चालवणारा बघेल. चालवणारा म्हणे, रूळ आमचे नाहीत. वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत राहिले. मग डिझेल आले, पण रूळ जुनेच. शेवटी गाड्याच थांबल्या. २०१६ साली रुंदीकरणाला मंजुरी मिळाली, तरी प्रवासी आजही एसटीच्या थांब्यावर उभा आहे.

याउलट जलंब-खामगाव ही आपली छोटी शाखा पाहा. १८७० साली तीही कापसासाठीच झाली. गाडी जीआयपी या खासगी कंपनीने चालवली, पण लाईन सरकारची होती. ती टिकली.

तेव्हा प्रश्न सरकारी की खासगी एवढाच नाही. मालक कोण आणि जबाब कोणाला विचारायचा, हा खरा प्रश्न आहे. शिवाय सरकारी रेल्वेत आपल्या मुलांना राखीव जागा आहेत. खासगी कंपनीवर ते बंधन नाही.

उद्या कोणी खासगी रेल्वेचा प्रस्ताव आणलाच, तर बंधू-भगिनींनो, आधी करार मागा. भाडे, लहान गावांचे थांबे, दुरुस्तीचा खर्च आणि राखीव जागा, या चार गोष्टी त्यात लेखी आहेत का, ते तपासा. नसतील तर हार-तुरे घेऊन स्टेशनावर जाण्याची घाई करू नका.