वाटीतली अळी, बोंडातली अळी

तंजावर म्हटले की व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, फार तर सरस्वती महाल ग्रंथालय, एवढ्यावर मराठी माणसाची माहिती थांबते. तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत लागणारे पापनाशम हे तालुक्याचे गाव त्या माहितीत बसत नाही. कावेरीच्या पाण्यावर भात पिकवणे हा या पट्ट्याचा धर्म. पण सांबा हंगामाचे भात निघाले की उन्हाळ्यात त्याच चिकणमातीत इथले बरेच शेतकरी कपाशी लावतात. जूनच्या सुमारास पापनाशमच्या नियंत्रित बाजारात कापसाचे लिलाव सुरू होतात. तिथे ओरडून बोली लागत नाही. व्यापारी चिठ्ठीवर भाव लिहून देतो, चिठ्ठ्या नंतर उघडतात आणि सर्वात वरच्या भावाला ढीग जातो.

नेमक्या त्याच दिवसांत यवतमाळ-वर्ध्याकडचा शेतकरी मृगाच्या पावसाची वाट बघत बियाण्याची पाकिटे घरात आणून ठेवत असतो. दोन्हीकडची पाकिटे बहुतांशी एकाच जातकुळीची, म्हणजे बीटीची. कपाशीच्या पेशीपेशीत मातीतल्या एका जिवाणूचे विष तयार व्हावे, ते खाऊन बोंडअळी मरावी, अशी त्यातली योजना. हे विष किती मात्रेला अळी मारते आणि गेल्या वर्षी मारणारी मात्रा यंदाही मारते का, हे तपासायचे काम कोईमतूरपासून नागपूरपर्यंतच्या प्रयोगशाळांत चालते. निकाल मात्र शेतात लागतो, आणि तो प्रयोगशाळेच्या निकालाशी जुळतोच असे नाही.

या जिवाणूची पहिली ओळख कापसाचा तारणहार म्हणून झाली नव्हती. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांनी पटापट मरणाऱ्या रेशीमकिड्यांतून तो वेगळा केला. म्हणजे तो प्रथम भेटला तो रेशीमवाल्यांचा वैरी म्हणून. १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना तोच पिठातल्या पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत सापडला, आणि १९१५ मध्ये त्या प्रांतावरून त्याचे ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’, थोडक्यात बीटी, असे बारसे झाले. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची ‘स्पोरिन’ नावाची फवारणीची पावडर विक्रीला आली. १९७० मध्ये अमेरिकेत डलमेज यांनी एचडी-१ हा फार जोमदार वाण शोधला, तो पुढे जगभरच्या फवारण्यांचा आधार झाला. तो वाण त्यांना मिळाला कुठे? प्रयोगशाळेत वाढवलेल्या, आजारी पडलेल्या गुलाबी बोंडअळीत. पुढे जे घडले ते ठाऊक असलेल्याला हा तपशील वाचून हसावे की रडावे कळणार नाही.

विषाची रीत अशी. जिवाणू बीजाणू तयार करताना सोबत प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. स्फटिक तसाच निरुपद्रवी असतो. पतंगवर्गीय अळीच्या मधल्या आतड्यातला रस चांगलाच अल्कधर्मी असतो, त्यात तो विरघळतो. अळीचीच पाचक द्रव्ये त्या मोठ्या प्रथिनाचे तुकडे करतात आणि खरे विष मोकळे होते. ते आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक ग्राहक-प्रथिनांना चिकटते, पेशींना भोके पाडते. अळी खाणे थांबवते आणि दोन-चार दिवसांत मरते. माणसाच्या पोटात आम्ल असते आणि ते ग्राहक नसतात, म्हणून हे विष आपल्याला बाधत नाही. पण याच साखळीत अळीची सुटकाही दडलेली आहे. ग्राहकाचा आकार जरा बदलला की विषाला चिकटायला जागा मिळत नाही.

आता तपासणी. घाटेअळीवर, म्हणजे हिरव्या बोंडअळीवर, विष तपासायचे तर आधी तिला प्रयोगशाळेत पोसावे लागते. बेसनाच्या जवळचे असे हरभऱ्याचे पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वे, बुरशी न यावी म्हणून परिरक्षक आणि घट्टपणासाठी अगर, असे तिचे जेवण शिजवतात. थंड होत आलेल्या या खिरीत विषाच्या वेगवेगळ्या मात्रा मिसळतात, किंवा थिजल्यावर वरून विषाचा थर देतात. मग चोवीस खळग्यांच्या तबकात प्रत्येक खळग्यात नुकतीच अंड्यातून निघालेली एकच अळी सोडतात. एकच, कारण घाटेअळ्या एकमेकींना खातात. दोन ठेवल्या तर विषाने मेली की बहिणीने खाल्ली, ते ठरवणार कोण?

साधारण सात दिवसांनी मोजणी होते. काही तबकांत विष नसतेच. तिथेही काही अळ्या आपोआप मरतात, म्हणून ती मरतूक हिशेबातून वजा करतात. त्यासाठीचे सूत्र अ‍ॅबट यांनी १९२५ मध्ये दिले आणि आजही तेच चालते. उरलेल्या आकड्यांवरून निम्म्या अळ्या मारणारी मात्रा काढतात. मात्र मेली की जगली, एवढे पाहून भागत नाही. बीटीची अर्धवट मात्रा खाल्लेली अळी मरत नाही, नुसती खुरटते. तीन दिवसांत वाढायला हवे ते तिला दहा दिवस लागतात. तिला जिवंत धरायचे की मेलेली? म्हणून वाढ रोखणारी मात्रा वेगळी मोजतात. काही प्रयोगशाळा तर अळ्यांचे वजन करतात.

गुलाबी बोंडअळी याहून त्रासदायक. ती जन्मल्यावर थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि आयुष्य सरकी खात आत काढते. तिला मिळवायचे तर शेतातली किडकी बोंडे पोतीच्या पोती आणून फोडावी लागतात, पतंग निघू द्यावे लागतात आणि त्यांच्या पिल्लांवर चाचणी घ्यावी लागते. चाचणीही एकवीस दिवसांपर्यंत लांबते. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या अळीवर घेतलेली चाचणी सोपी असते, पण शेताची खबर ती देत नाही.

मराठवाड्यातल्या जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये उभ्या केलेल्या महिको कंपनीने मोन्सँटोशी भागीदारी करून बीटी कपाशी भारतात आणली. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन संकरित वाणांना मंजुरी दिली. त्यांत क्राय१एसी हे एकच विष होते. २००६ मध्ये क्राय२एबीची जोड देऊन बोलगार्ड-२ आले. सुरुवातीची वर्षे खरोखर चांगली गेली, हे बीटीच्या कडव्या विरोधकानेही मान्य करावे. घाटेअळीसाठी आठवड्याला होणाऱ्या फवारण्या थांबल्या.

पण सावधगिरीच्या खुणा तपासणीत लवकर दिसल्या होत्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की झाडात विष सगळीकडे सारखे नसते. पानांत ते भरपूर असते. कळ्या, फुले आणि बोंडाच्या सालीत सर्वात कमी, आणि झाडाचे वय वाढेल तसे घटत जाते. अळी तर पाने सोडून बोंडच खाते! ज्या संकरित वाणाच्या पानांनी प्रयोगशाळेत सगळ्या अळ्या मारल्या, त्याच वाणाचे बोंड ऑक्टोबरात त्यांना जगू देत होते.

गुलाबी अळीचा पहिला निकाल गुजरातेतून आला. अमरेलीत २००८ मध्ये गोळा केलेल्या अळ्या क्राय१एसी पचवत होत्या. मार्च २०१० मध्ये मोन्सँटो कंपनीनेच अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत प्रतिकार असल्याचे जाहीर केले. तिच्याकडे दुसऱ्या विषाचे बियाणे विक्रीला तयार होते, हेही लक्षात ठेवावे. त्या अळ्यांच्या जनुकांत पुढे शोध घेतल्यावर कॅडहेरिन या ग्राहक-प्रथिनातच बिघाड सापडले. २०१४-१५ पर्यंत गुजरातेत दोन्ही विषे निकामी झाली होती.

२०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याची पाळी आली. बोंड वरून हिरवेगार, फोडले की आत कवडी. फवारण्या पुन्हा सुरू झाल्या आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या फवारण्या सगळ्या गुलाबी अळीसाठीच नव्हत्या, रस शोषणाऱ्या किडींसाठीही होत्या. पण फवारणीपासून सुटका हेच ज्या बियाण्याचे आश्वासन होते, त्या बियाण्याला मंजुरी मिळून पंधरा वर्षे झाल्यावर हे घडले. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात सरकारने कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपयांची मदत जाहीर केली.

असे का झाले, याचे सोपे उत्तर म्हणून बोट शेतकऱ्याकडे वळते. बीटीभोवती बिगर-बीटीच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र लावायचा नियम होता. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे त्यासाठीच येई. तिथे वाढलेल्या भोळ्या पतंगांचा संकर चिवट पतंगांशी व्हावा आणि प्रतिकार पातळ व्हावा, असा हिशेब. बहुतेकांनी ती पुडी बांधावर टाकली, हे खरे. पण ज्याच्याकडे तीन एकर आहे आणि सावकाराचे देणे आहे, त्याने मुद्दाम अळीला पीक वाढून द्यावे, ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती.

खोलवरचे कारण बियाण्याच्या घडणीत आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांत दिले गेले, भारतात मात्र संकरित वाणांत. संकरित झाडाला विषाचे जनुक एकाच पालकाकडून मिळते. त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरक्यांत जनुकांची वाटणी होते. एक विष असेल तर चारांतली एक सरकी बिनविषारी निघते. दोन विषे असतील तर काहींत दोन्ही, काहींत एक, आणि सोळांतल्या एकीत काहीच नाही. सरकी खाणाऱ्या गुलाबी अळीला एकाच बोंडात सौम्य मात्रेपासून कडक मात्रेपर्यंत सगळी चव मिळते. बीटीला पचवायला शिकवणारी याहून चांगली शाळा मुद्दाम बांधूनही मिळाली नसती, असे या लेखकाचे मत आहे.

या मताला छेद देणारे उदाहरणही समोर ठेवायला हवे. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी संकरित बीटीच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले. त्यातली चतुर्थांश झाडे बिगर-बीटी निघाली आणि आपोआप त्या बिगर-बीटी ओळींचे काम करू लागली. तिथे गुलाबी अळीत वाढू लागलेला प्रतिकार उलट ओसरला. अकरा वर्षांच्या तपासणीनंतर हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे विदर्भ होरपळत होता त्याच वर्षी. फरक असा की तिथे अख्खी झाडेच बिगर-बीटी होती आणि मुख्य म्हणजे शेतात ती भरपूर होती. अमेरिकेने तिसरा मार्ग धरला. बीटीसोबत नपुंसक केलेले अब्जावधी पतंग सोडून २०१८ मध्ये तिथल्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी अळीचे उच्चाटन झाल्याचे सरकारने जाहीर केले.

तिसरे कारण फरदडीचे. जूनमध्ये लावलेली कपाशी विदर्भात जानेवारीपर्यंत वेचतात, आणि पाण्याची सोय असलेला तीच पुढे फरदड म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत ठेवतो. खर्च नाही, चार पैसे सुटतात. गुलाबी अळीला हवे असते तेच: उभे पीक, वाळलेल्या पऱ्हाट्या आणि जिनिंगमध्ये पडलेली सरकी, जिथे ती सुप्तावस्थेत पुढच्या हंगामापर्यंत पडून राहते.

इथे पापनाशमचे पंचांग पाहण्यासारखे आहे. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेने १२ जूनला उघडतात, आणि ऑगस्टपासून सांब्याची रोपे टाकायची घाई सुरू होते. फेब्रुवारीत लावलेली कपाशी तोवर उपटावीच लागते, मग शेतात पाणी सोडून चिखलणी. भाताच्या मागे येणाऱ्या अशा कपाशीसाठी तमिळनाडूत एमसीयू-७ सारखे कमी दिवसांचे वाण पूर्वीच निघाले होते. फरदड ठेवायची इच्छा असली तरी भात ती ठेवू देत नाही. गुलाबी अळीला झोपायला जागा उरत नाही, असे निदान कागदावर दिसते. मात्र कोळ्ळिडम नदी ओलांडली की अरियलूर आणि पुढे पेरंबलूर. तिथली कोरडवाहू कपाशी पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यात संपते, आणि पतंगाला नदी आडवी येत नाही. त्यामुळे पापनाशमच्या शेतकऱ्याने निर्धास्त राहावे, असे कोणी म्हणणार नाही.

या पट्ट्याचे मुख्य पीक भात आहे, आणि भातातल्या अळ्यांवरही हीच विषे तपासली गेली. कोईमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात क्राय२एए आणि क्राय२एसी यांचे तुकडे जोडून क्राय२एएक्स१ हे नवे जनुक घडवले गेले. ते भातात घालून पाने गुंडाळणाऱ्या अळीवर आणि कपाशीत घालून घाटेअळीवर त्याची परीक्षा झाली. पण प्रयोगशाळेबाहेरची हवा वेगळी होती. २००६ मध्ये हरियाणात कर्नालजवळ आणि कोईमतूरच्या परिसरात बीटी भाताचे चाचणी-प्लॉट शेतकरी संघटनांनी उद्ध्वस्त केले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. त्यात कोईमतूरची देशी वाणेही अडकली आणि धारवाडच्या विद्यापीठाने घेतलेले आपले मांजरी गोटाही. बांगलादेशाने बीटी वांगे २०१३ मध्ये मंजूर केले.

नागपूरच्या संस्थेने दरम्यान संकरिताचा पेच सोडवायचा प्रयत्न केला आहे. सूरज बीटी, रजत बीटी अशी सरळ वाणे तिने दिली. त्यांच्या बोंडातली प्रत्येक सरकी विषारी असते, बियाणे घरचे राखता येते, आणि पीक लवकर आटोपते म्हणून ते दाट लावता येते. पण त्यांत विष आहे ते पहिले, क्राय१एसी. घाटेअळीला ते आजही आवरते. गुलाबी अळीने मात्र ते अमरेलीतच पचवले होते. तिच्यासाठी या वाणांची भिस्त १ जूननंतरच्या लागवडीवर, कामगंध सापळ्यांवर आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटण्यावर आहे. तिसऱ्या विषाचे, व्हिप३एचे, कपाशीचे बियाणे ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत सरळ वाणांतून शेतात गेले आहे. भारतातल्या बाजारात बीटीची पाकिटे आजही जवळजवळ सगळी संकरितच आहेत.