कललेले धुराडे : कारणे व दुरुस्ती

केंदूर-पाबळ परिसरातील जुन्या धाब्याच्या घरांतून चुलीचा धूर छपरातील साण्यावाटे बाहेर पडे. विटांचे उंच धुराडे आपल्या परिचयाचे आहे ते मुख्यतः गुऱ्हाळांवर आणि मोठ्या भटारखान्यांवर. ज्या छपराखाली शेकडो मुलांचे अन्न शिजते, त्यावरील धुराडे कलणे ही नुसती डोळ्यांना खटकणारी बाब नव्हे.

कल दिसताच आपल्याकडे दोर बांधून धुराडे ओढण्याचा किंवा भेगांत सिमेंट भरण्याचा सल्ला मिळतो. दोन्ही उपाय आम्हांस घातक वाटतात. प्रथम ओळंबा सोडून पाहावे. कल बुडापासूनच असेल तर दोष पायात. खालचा भाग सरळ राहून छपरावरचाच भाग वाकला असेल तर दोष सांध्यांत.

पर्जन्यछायेतील आपल्या भागात पायाचाच संशय आधी घ्यावा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भांडी घासण्याचे पाणी वर्षानुवर्षे एकाच बाजूस मुरले, अथवा जवळच्या झाडाची मुळे एकाच बाजूचा ओलावा शोषू लागली, की पाया असमान हलतो. म्हणून वैशाखात आणि पावसाळा सरताच, असे दोनदा माप घेऊन लिहून ठेवावे. मापे ऋतूबरोबर बदलत असतील, तर सांडपाणी दूर नेणे हेच पहिले काम होय. नवा पाया काळ्या मातीत न थांबवता खाली मुरुमापर्यंत न्यावा.

सांध्यांचा दोष निराळा. कोळशाच्या धुरातील गंधकापासून तयार होणारे, तसेच काही विटांत मुळातच असलेले सल्फेट क्षार ओलाव्याबरोबर सिमेंटच्या मसाल्यात उतरतात आणि तो मसाला हळूहळू फुगतो. जी बाजू अधिक भिजते ती अधिक वाढते व धुराडे विरुद्ध दिशेस वाकते. आपला पाऊस पश्चिमेकडून येतो. तेव्हा वरचा भाग पूर्वेस झुकलेला दिसल्यास हे कारण तपासावे. अशा वेळी वरून दर्जा भरणे व्यर्थ. मजबूत थरापर्यंत विटा उतरवून सल्फेटरोधक सिमेंटात पुन्हा बांधावे, आत धूरनळी बसवावी आणि माथ्यावर पाणी बाहेर टाकणारी टोपी घालावी. जुने काम चुन्यातले असेल तर दुरुस्तीही चुन्यातच करावी. कडक सिमेंटाशी त्या मऊ विटांचे जमत नाही.

उंचीचेही गणित आहे. इंग्लंडच्या बांधकाम-नियमांनुसार आधाराविना उभ्या धुराड्याची छपरावरील उंची त्याच्या अरुंद बाजूच्या साडेचारपटींहून अधिक नसावी. म्हणजे दीड फुटी धुराड्यास पावणेसात फूट. 1967 चा कोयनेचा भूकंप पुण्यापर्यंत जाणवला होता, हे ध्यानी घेता आपल्याकडे उंची त्याहून कमीच बरी.

ओळंबा धरणे कठीण नाही. शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात मुले हातांनी काम करीतच तंत्र शिकत आली आहेत. माप घेण्याचे काम आपल्या वरच्या वर्गांसही जमेल. मात्र विटा उतरवण्याचे काम जाणत्या गवंड्यानेच, परांची बांधून करावे. तोवर चूल दुसरीकडे मांडावी आणि कललेल्या बाजूची वाट बंद ठेवावी.