वाडा विकायला काढण्याआधी

इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात आयर्लंड नावाचा देश आहे. आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची मिळून जेवढी वस्ती आहे, तेवढीही त्या प्रजासत्ताकाची नाही. गायी, कुरणे आणि बटाटा यांचा हा देश. तेथे खेड्याखेड्यांतून एखादे जुने घर असते, त्याला 'पब' म्हणतात. खाली गावकऱ्यांची बैठक, माडीवर घरच्यांचे बिऱ्हाड आणि काही ठिकाणी आल्या-गेल्यासाठी दोन-चार खोल्या. पूर्वी बऱ्याच पबांत किराणा मालाचे दुकानही असे आणि मालक शेतीही करी. तेथे दारू विकतात, हे खरे. तिची भलामण मला करायची नाही. तिने आपल्याकडे किती संसार धुऊन नेले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मला सांगायचे आहे ते त्या घराच्या विक्रीबद्दल.

असे जुने घर खोल्यांसकट विकायला निघते, तेव्हा शहाणे गिऱ्हाईक नुसत्या भिंती मोजत नाही. ते आधी परवान्याचे विचारते. तेथे १९०२ सालच्या कायद्याने नवे परवाने देणे जवळजवळ थांबवले. त्यामुळे जुन्या परवान्यालाच किंमत आली, आणि तो घरापासून वेगळा काढूनही विकला जातो. म्हणजे घर एका किमतीचे, परवाना दुसऱ्या किमतीचा, आणि चालत्या खोल्यांची मिळकत ही तिसरी गोष्ट. आपण काय विकतो आहोत हे ज्याला कळत नाही, तो तिन्ही एकाच्या भावात देऊन बसतो.

आता आपल्याकडे या. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी महाबळेश्वर घेतले आणि बदल्यात खंडाळा गाव दिले. पुढे तेथे बंगल्यांसाठी सरकारने जमिनी पट्ट्याने दिल्या. त्यांतल्या काही जुन्या बंगल्यांत नंतर हॉटेले निघाली. अशा ठिकाणी इमारत विकणाऱ्याची असली तरी जमीन सरकारची असते. पट्ट्याची मुदत आणि अटी पाहिल्याशिवाय व्यवहार करणे म्हणजे दावे विकत घेऊन गाय मिळाली असे समजणे आहे. शिवाय २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, तेव्हा मागे चार खोल्या वाढवू असे मनात असेल तर आधी परवानगीची चौकशी करा.

पण तुमच्या-आमच्यापैकी बहुतेकांकडे महाबळेश्वरचा बंगला नाही. आहे तो आजोबा-पणजोबांनी बांधलेला वाडा. दिंडी दरवाजा, ओटी, चौक, सोपा, माजघर, वर माडी. पांढऱ्या मातीच्या भिंती आणि सागवानी खांब. थोरला मुंबईला, मधला पुण्याला, धाकटा मळ्यात घर बांधून राहिलेला. वाड्याला कुलूप. मग एके दिवशी लाकूडवाला व्यापारी येतो, खांब आणि तुळयांवर हात फिरवतो आणि उक्ता आकडा सांगतो. आठ दिवसांत वाडा उतरतो, आणि त्या जागी बाभळी वाढतात. कराडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या गावांतून असे मोकळे पडलेले चौथरे मी बरेच पाहिले. हा व्यवहार मला पटत नाही. व्यापारी फक्त लाकडाचे पैसे देतो. जागा, दगडी जोते आणि त्या घराला येऊ शकणारे भाडे यांचा त्याच्या हिशेबात पत्ताच नसतो.

भाडे म्हटल्यावर हसू नका. पैसे घेऊन पाहुणे ठेवणे ही काही विलायती रीत नाही. नृसिंहवाडीला पुजाऱ्यांच्या घरी उतरायचे आणि जेवायचे, ही रीत जुनी आहे. भिलार तर तुमच्या ओळखीचे. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' झाले; घराघरांतून पुस्तके मांडली, लोक येऊ लागले, आणि स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या घरांत पाहुण्यांच्याही खोल्या झाल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. त्या परिसरात सिनेमावाले वरचेवर येतात; २००४ च्या 'स्वदेस'चे चित्रीकरण तेथेच झाले. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत साताऱ्यात खोली मिळायची मारामार. हे पाहुणे सिमेंटच्या खोल्यांना कंटाळलेले असतात. त्यांना तुमचा सोपा आणि चुलीवरची भाकरी हवी असते.

तरीही आधी हिशेब. समजा, दोन खोल्या दुरुस्त केल्या. प्रत्येक खोली वर्षातून ८० रात्री लागली आणि रात्रीला १५०० रुपये मिळाले, तर २ लाख ४० हजार होतात. चादरी, वीज, किराणा आणि मदतीच्या बाईचा पगार यांत निम्मे गेले असे धरा. उरले १ लाख २० हजार. दुरुस्तीला ६ लाख लागले तर ते फिटायला व्याज सोडून ५ वर्षे. तुमचे गाव आडबाजूला असेल आणि ८० ऐवजी ३० रात्रीच लागल्या, तर हा धंदा करू नका. कर्ज काढून तर नकोच.

आणखी एक विचारतो. स्वयंपाक कोण करणार? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते: घरची लक्ष्मी. दूध काढून, रानातले काम उरकून ती पाहुण्यांचाही स्वयंपाक करणार असेल, तर जेवणाचे पैसे तिच्या खात्यात जमा झाले पाहिजेत. हे ठरत नसेल तर नुसत्या खोल्या द्या आणि पाहुण्यांना खानावळीचा रस्ता दाखवा.

कागदांचे थोडे सविस्तर सांगतो, कारण घरे फुटतात ती इथे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा ८ नंबरचा उतारा म्हणजे कर-आकारणीची नोंद. नुसत्या त्या उताऱ्याने मालकी सिद्ध होत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली, तिची मिळकत पत्रिका तुमच्या वाड्याची झाली आहे का आणि तिच्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहा. वाई, मिरज, सांगलीसारख्या गावी सिटी सर्व्हेची पत्रिका असते.

मग हिस्सेदार. वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. बहिणीला माहेरची साडी देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याचे दिवस गेले, आणि गेले ते बरेच झाले. तिला विचारा. कदाचित तीच म्हणेल, वाडा विकू नका, माझ्या वाट्याची एक खोली मी नीट करून घेते.

भावांपैकी एकालाच पैशांची नड असेल तर सगळा वाडा विकायची गरज नसते. हिंदू वारसा कायद्याचे २२ वे कलम असे आहे की, मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाची मिळकत पहिल्या वर्गाच्या दोघा-चौघा वारसांकडे आली आणि एकाने आपला हिस्सा विकायला काढला, तर तो घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांचा. हिस्सा परक्याने घेतलाच आणि तो वाटपासाठी कोर्टात गेला, तर राहत्या घराच्या बाबतीत १८९३ च्या वाटप कायद्याखाली कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेण्याची मागणी घरच्यांना करता येते. चांगला वकील गाठा आणि हे दोन्ही विचारून घ्या.

वाडा ठेवायचा ठरला तर पैसा आधी छपरावर खर्च करा. भिंत मातीची असो वा दगडाची, तिचा पहिला वैरी गळती. पावसाआधी कौले चाळा, फुटकी बदला, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून लांब काढा. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नका. आतली ओल बाहेर पडत नाही, माती भुसभुशीत होते, आणि एक दिवस गिलाव्यासकट भिंत खाली येते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावाच बरा. वाळवीने धरलेला खांब ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तेवढा तुकडा कापून नवा सांधता येतो, सगळा खांब काढावा लागत नाही. नदीकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी भिंतीवर कुठवर आले होते ते पाहावे. त्या पातळीच्या खाली पाहुण्यांची खोली करू नये. कोयनेच्या बाजूला, पाटण तालुक्यात, १९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप ज्यांच्या घरांनी सोसला त्यांनी भेगा इंजिनिअरला दाखवूनच माडीवर माणसे निजवावीत.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते.

आणि सगळे पाहूनही विकायचेच ठरले, तर खुशाल विका. मुलीचे शिक्षण, आजारपण, विहिरीचे कर्ज, कारणे खरी असतात. फक्त उभा वाडा विका, उतरवलेला नको. जागा, जोते, इमारत आणि लाकूड यांची वेगवेगळी किंमत जाणकाराकडून काढून घ्या. कोरीव दरवाजा किंवा देवघर ठेवायचे असेल तर साठेखतात तसे लिहा. तोंडी बोलणे खरेदीखतानंतर कोणी ओळखत नाही. विसार घेण्याआधी सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, बहिणींच्याही. आणि व्यापारी लाकडाचा आकडा सांगू लागला, तर त्याला प्रत्येक खांबाची लांबी आणि घेर मोजून घनफुटाचा हिशेब कागदावर लिहून मागा.