बांबूचे बेट, जलपर्णी आणि मरण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात मानवेल बांबू आढळतो. बेटात वीस दांडे दिसले की वीस झाडे, असे सर्रास धरले जाते. वस्तुतः एका बियेपासून वाढलेले बेट हा एकच जीव असतो. त्याचे कंद जमिनीखाली एकमेकांना जोडलेले असतात आणि दर पावसाळ्यात त्यांतून नवे वास्ते, म्हणजे कोंब, वर येतात. सारख्या घटकांची भर घालत वाढणाऱ्या अशा समूहजीवाला दोन वये असतात, एक घटकाचे आणि दुसरे सबंध समूहाचे. बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत झाल्याने होतात.

जाड दांडा जुना, हा त्यांतलाच एक. बांबू हे गवत आहे. सागासारखी त्याच्या खोडाची जाडी वर्षागणिक वाढत नाही. वास्ता जमिनीतून निघतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते आणि काही महिन्यांत उंचीही पुरी होते. पुढची वर्षे दांडा फक्त टणक होत जातो. वय ओळखायचे तर पेरांकडे पाहावे. कोवळ्या दांड्यावर आवरणे चिकटलेली असतात, कांड्यांवर पांढरट भुकटी असते. जुना दांडा मळकट, पिवळसर दिसतो. साधारण दहा वर्षांत तो वाळतो, बेट मात्र जगते.

तोड केली की बेट मरते, हेही अर्धसत्य आहे. पक्व दांडे काढल्याने बेट मोकळे होते. नुकसान होते ते कोवळे दांडेही तोडल्याने, कारण कंदांना अन्न हिरव्या दांड्यांकडूनच मिळते.

मग बेट अमर का? नाही. मानवेल कित्येक दशके फुलत नाही. एकदा सामूहिक फुलोरा आला की बी धरून अख्खे बेट वाळते. हा रोग नव्हे, दुष्काळाचा शापही नव्हे. फुलोऱ्याची वेळ बांबूच्या आनुवंशिक घडणीतच ठरलेली असते. मिझोरममधल्या मावताक बांबूचे सुमारे 48 वर्षांचे चक्र याचा ठळक पुरावा आहे. तो 1958-59च्या सुमारास आणि पुन्हा 2006-08मध्ये फुलला.

सर्वच समूहजीव असे ठरल्या वेळी मरत नाहीत. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातील प्रचंड वडाचे मूळ खोड बुरशीने सडल्यामुळे 1925 मध्ये काढावे लागले; पारंब्यांच्या खोडांवर तो वड आजही उभा आहे. समुद्रातील बोट्रिलस या प्राण्याच्या वसाहतीतले सगळे घटक साधारण आठवड्याने एकदम विरघळतात आणि त्यांच्या अंगच्या कळ्या जागा घेतात. तरी वय लपत नाही. उत्तर अमेरिकेतील ॲस्पेन वृक्षांच्या जुन्या नर समूहांत परागांची जननक्षमता घटलेली आढळली आहे. वरून हिरवे दिसणारे रान आतून म्हातारे होत असते, ही यातली सर्वांत विलक्षण गोष्ट.

वैनगंगेवरील गोसेखुर्दच्या जलाशयातील जलपर्णी हाही असाच समूहजीव आणि तिच्याबाबतचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. नाग नदीचे सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि जलपर्णीला खत मिळते. वरचा थर काढला की ती संपली, असे वाटते. एकेक रोप अल्पायुषी असले तरी धावत्या खोडांतून नवी रोपे फुटत राहतात आणि सुटलेला तुकडाही पुरतो. शिवाय गाळात पडलेले बी पंधरा-वीस वर्षे रुजण्याजोगे राहू शकते. म्हणून काढणी फुलोऱ्यापूर्वी आणि वर्षानुवर्षे करावी लागते. त्याच वेळी सांडपाणीही रोखावे लागते.