पेरूची वडी आणि चॉकलेट

शीर्षक वाचून कुणी म्हणेल, हा पाककृतीचा धडा कला शाखेच्या अंकात कसा? पण आमच्या घरी पेरू हा खाण्यापेक्षा काळजीचा विषय आहे. आई आठवडी बाजारात पेरूची पाटी घेऊन बसते. दिवस कलला की मऊ पडलेली फळे मिळेल त्या भावाने उकती द्यावी लागतात. त्या फळांचे काही टिकाऊ करता येईल का, हा माझा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर मला कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाले.

फळांची जेली धरते ती पेक्टिनमुळे. ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1825 मध्ये या पदार्थाला हे नाव दिले. फळ शिजले की पेक्टिनच्या लांब साखळ्या रसात उतरतात; पण जवळ येत नाहीत. प्रत्येकीवर ऋण विद्युतभार असतो आणि भोवती पाण्याचा गराडा. बांधावरून बोलणे टाकलेली भावकीच म्हणा ना! लिंबाचा आंबटपणा हा भार घालवतो, साखर मधले पाणी आपल्याकडे ओढते. मग साखळ्यांचे जाळे विणले जाते आणि पाक त्यात अडकतो. म्हणजे लिंबू केवळ चवीसाठी नाही.

आता मऊ पेरूंचे. फळ पिकताना पेक्टिन तुटत जाते, म्हणून तर ते मऊ पडते. साहजिकच नुसत्या मऊ फळांची वडी ढिली राहते. आम्ही दोन भाग मऊ आणि एक भाग गद्दर पेरू घेतो. वास एकाचा, बांधणी दुसऱ्याची.

फोडी बुडतील एवढ्या पाण्यात शिजवून गर चाळणीतून काढायचा, म्हणजे बिया मागे राहतात. अर्धा किलो गराला अर्धा किलो साखर. सतत ढवळायचे आणि शेवटी एका लिंबाचा रस. आधी घालून फार उकळला तर पेक्टिनच तुटते. पाण्याच्या उत्कलनबिंदूहून सात-आठ अंश वर तापमान गेले की उतरवावे, असा नियम आहे. पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळते, आमच्याकडे देशावर दोनेक अंश आधीच. तो फरक धरावा लागतो. आईला हा हिशेब लागत नाही. मिश्रण कडा सोडू लागले आणि गार ताटलीतला थेंब बोटाला चिकटेनासा झाला, की ती “उतरव गं” म्हणते. मी उसना तापमापक लावून पाहिला. आकडा तिच्या शब्दाशी जुळला!

तूप लावलेल्या ताटात थापून दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि पातळ फडक्याखाली दोन दिवस सावलीत सुकवायच्या. ही घाई करण्याची जागा नव्हे. वितळलेल्या चॉकलेटला थोडेही पाणी लागले तर त्यातील साखरेचे कण एकमेकांना चिकटतात आणि सगळे घट्ट, रवाळ होते. म्हणून चॉकलेटचे भांडे गरम पाण्यावर धरतानाही वाफ आत जाऊ द्यायची नाही.

खरे चॉकलेट कोकोच्या लोण्याचे. ते 45 अंशांपर्यंत वितळवून, 27-28 पर्यंत निववून, पुन्हा 31-32 वर आणले तरच चकचकीत धरते. नाहीतर पांढरे पट्टे उमटतात. आम्ही दुसऱ्या वनस्पती-स्निग्धाची कंपाउंड लादी वापरतो. चव थोडी उणी, पण खटाटोप वाचतो. खरे चॉकलेट 34 अंशांच्या आसपास पाघळते, म्हणून ते वापरायचे तर थंडीतच. उन्हाळ्यापर्यंत ठेवायच्या वड्या नुसत्या साखरेत घोळवाव्यात.