‘सुजाता’ : एका नावाचा अर्थ आणि प्रवास

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत मुलींना जी नावे आवर्जून ठेवली जाऊ लागली, त्यांत गौतमी, यशोधरा, विशाखा, संघमित्रा यांच्याबरोबर ‘सुजाता’ हे नाव येते. त्यातील ‘सु’ म्हणजे चांगली आणि ‘जाता’ म्हणजे जन्मलेली. ‘जाता’ आणि ‘जाति’ हे दोन्ही शब्द ‘जन्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. जन्मावरून ठरणारे श्रेष्ठत्व ज्या धम्माने नाकारले, त्याच्या परंपरेत ‘सुकुलोत्पन्न’ अशा अर्थाचे नाव आदरास पात्र कसे झाले, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

‘सुजात’ हा शब्द बुद्धपूर्वकालीन आहे. ऋग्वेदात तो अग्नी, उषा यांचे विशेषण म्हणून येतो. महाभारतात अष्टावक्राच्या मातेचे नाव सुजाता आहे. कुळाचा अभिमान व्यक्त करणारे असे हे नाव प्राचीन भारतात प्रचलित होते.

पालि साहित्यात या नावाच्या अनेक स्त्रिया भेटतात. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध ती उरुवेलेजवळील सेनानी गावची. जातकाच्या निदानकथेनुसार, समान जातीच्या घरी विवाह व्हावा आणि पहिला पुत्र व्हावा, असा नवस तिने वटवृक्षाला केला होता. मागणे त्या काळच्या समाजाला साजेसेच होते. नवस फेडण्यासाठी सिद्ध केलेली खीर तिने वृक्षाखाली बसलेल्या बोधिसत्त्वास सुवर्णपात्रासह अर्पण केली आणि त्या मौल्यवान पात्राकडे मागे वळूनही पाहिले नाही. दीर्घ देहदंडाने कृश झालेल्या सिद्धार्थाने संबोधीपूर्वी घेतलेला हा शेवटचा आहार होय. अंगुत्तरनिकायात प्रथम शरण जाणाऱ्या उपासिकांमध्ये सुजातेस अग्रस्थान दिले आहे. तिचा हा गौरव शरणगमनाबद्दल आहे. तिच्या कुळाचा तेथे प्रश्न नाही.

दुसरी सुजाता ही अनाथपिंडिकाची स्नुषा. श्रीमंत माहेरच्या गर्वामुळे ती सासू, सासरे वा पती यांपैकी कोणासही जुमानीत नसे. तिचा कलह ऐकून भगवान बुद्धांनी तिला पत्नींचे सात प्रकार सांगितले. त्या उपदेशाचा तपशील त्या काळच्या कुटुंबव्यवस्थेचा आहे. परंतु त्यात पत्नीचे मूल्यमापन माहेराच्या वैभवावरून झालेले नाही, ते वर्तनावरून झाले आहे. नाव एकच, पण एकीच्या कथेत त्याला दानाने अर्थ आला, तर दुसरीच्या कथेत त्यातील कुलाभिमानाला उत्तर मिळाले.

बौद्ध धम्माबरोबर हे नाव भारताबाहेर गेले आणि त्या त्या भाषेच्या वळणाने बदलले. सिंहलीत ते ‘सुजाता’ असेच राहिले. म्यानमारमध्ये पालि ‘स’चा उच्चार ‘थ’कडे आणि ‘ज’चा ‘झ’कडे झुकतो, म्हणून तेथे ‘थुझाता’ ऐकू येते. थाई भाषेत ‘सुचादा’, तर ख्मेर भाषेत ‘सोचियाता’ असे रूप झाले. या दोन्ही देशांत ते आजही मुलींना ठेवले जाते. ललितविस्तराच्या अनुवादकांनी मात्र ध्वनी न घेता अर्थ घेतला : तिबेटीत ‘लेक्येमा’ आणि चिनीत ‘शान-शेंग’, म्हणजे ‘चांगली जन्मलेली’. जपानमध्ये १९७६ पासून ‘सुजाता’ या नावाने कॉफीत घालावयाची साय विकली जाते. त्या नावामागेही दुधाच्या खिरीचीच आठवण आहे. तमिळमध्ये तर हे नाव एका पुरुषाने मिरवले : लेखक एस. रंगराजन (१९३५–२००८) यांनी पत्नीचे ‘सुजाता’ हे नाव टोपणनाव म्हणून घेतले आणि त्याच नावाने ते ख्यातनाम झाले.

आधुनिक काळात या शब्दातील विरोधाभास प्रकट झाला तो बिमल रॉय यांच्या १९५९ च्या ‘सुजाता’ या चित्रपटात. सुबोध घोष यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाची नायिका अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेली व ब्राह्मण कुटुंबात वाढलेली आहे. जिने तिला कधी पूर्णपणे आपली मानले नाही, त्या पालनकर्तीचे प्राण अखेरीस तिच्याच रक्ताने वाचतात. ‘सुजाता’ कोणाला म्हणावे, याचे उत्तर तेथे कृतीने मिळते.

मनुस्मृतीने शूद्राचे नाव ‘जुगुप्सित’, म्हणजे तिरस्कारदर्शक असावे, असे सांगितले होते. ज्यांच्या जन्मालाच हीन ठरविले गेले, त्यांनी आपल्या कन्येस ‘चांगली जन्मलेली’ म्हणणे हा त्या नियमाचा स्पष्ट अस्वीकार होता. तेथे कुळाचे प्रमाणपत्र कोणाकडे मागितलेले नाही. माणसाचा प्रत्येक जन्म सुजन्म आहे, एवढेच म्हटले आहे.

तथापि, नाव ठेवल्याने काम संपत नाही, याची जाणीव पालि परंपरेला होती. नामसिद्धि जातकात ‘पापक’ नावाचा विद्यार्थी चांगल्या नावाच्या शोधात निघतो. त्याला ‘जीवक’ नावाचा मृत मनुष्य, ‘धनपाली’ नावाची दरिद्री दासी आणि ‘पंथक’ नावाचा वाट चुकलेला प्रवासी आढळतो. नाव ही ओळखीपुरती संज्ञा आहे, हे उमजून तो आपले जुने नाव घेऊन परततो. सुजातेचे नाव अडीच हजार वर्षे टिकले, ते ‘सुजात’ या शब्दाच्या बळावर नव्हे. एका भुकेल्या तपस्व्यापुढे तिने वेळेवर ठेवलेल्या खिरीमुळे टिकले. हे नाव आपल्या मुलीस देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्या शब्दाबरोबर ही कथाही तिच्या स्वाधीन करावी.